निघताना म्हटलेलं ‘येते’

आपला बिरोबा एवढ्या लांब येईल का, ही माझी अगदी खरी शंका होती. आमचा देव सांगोल्याकडच्या माळावरचा, मेंढरांत रमणारा. मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या शाळेत गणित शिकवते आणि वर्षभरासाठी निघाले होते थेट स्कॉटलंडच्या शाळेत शिकवायला! आईने भंडाऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये कोंबली. “अगं, त्यो तितंबी हाय की,” ती म्हणाली. मी हसून घेतलं, पण विमान उडालं तेव्हा हात आपोआप त्या पुडीवर गेला.

तिथलं सगळंच मला लई आवडलं, हे आधी सांगून टाकते. हिरवेगार डोंगर, त्यावर चरणारी मेंढरं, गणितात हुज्जत घालणारी पोरं! एका गावात मार्गारेट नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे मी भाड्याने राहत होते. फजिती व्हायची ती फक्त निरोप घेताना. आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. त्यामुळे शाळा सुटली की मी सगळ्यांना सांगायची, “आय अ‍ॅम कमिंग!” आणि चालू लागायची. मागे सगळे बुचकळ्यात, ही येतेय म्हणजे नेमकी कुठे येतेय? माझी इतकी थट्टा झाली, की मी जिभेला चांगलं वळण लावलं आणि मुकाट ‘बाय’ म्हणू लागले.

एका रविवारी दुपारी मात्र घरची फार आठवण येत होती. वरच्या डोंगरावरची मेंढरं जवळून बघून यावीत असं वाटलं. भंडारा कपाळाला लावला, देवाला ‘येते’ म्हटलं आणि दार ओढताना बाईंनाही तेच म्हणून गेले, “डोंगरावर मेंढरं बघायला चाललेय. आय अ‍ॅम कमिंग!” बोलल्यावर जीभ चावली, पण दुरुस्त करायला परत कोण जातंय!

वर पोहोचले आणि धुकं उतरलं. असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं, स्वतःचे बूटसुद्धा दिसेनात. वाट चुकले, एका दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतले आणि पाय ओढून काढताना घोटा असा मुरगळला, की उभंच राहता येईना. फोनला रेंज नव्हती. कपडे भिजून गार पडलेले, दात वाजत होते. आपण इथेच गारठून मरणार आणि आईला ते कुणीतरी इंग्रजीत कळवणार, या विचाराने मी ढसाढसा रडले. मग देवावरच चिडले. शेवटी चिडण्याचंही त्राण उरलं नाही, तेव्हा म्हटलं, “बिरोबा, माझं आता काही चालत नाही. तुला काय करायचं ते कर.” आणि मनाला विलक्षण शांत वाटलं. खरंच वाटलं! अंगात होता तेवढा जोर लावून मी ओरडले, “बिरोबाच्या नावानं चांगभलं!”

कुत्रा भुंकला. मी पुन्हा चांगभलं केलं, पुन्हा भुंकणं, या खेपेला जवळून. धुक्यातून काळंपांढरं कुत्रं उडी मारत आलं आणि मागून टॉर्च घेतलेले शेजारचे गृहस्थ. मला उठवत ते म्हणाले, “चला, मार्गारेट फार रागावली आहे.”

रागावली? मला काही कळेना. घरी आल्यावर बाईंनी मला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि खरंच रागावल्या, “येते म्हणालीस ना? मी दोघींचा चहा मांडून बसले! इतर वेळी तू बाय म्हणतेस, मग मी वाट बघत नाही. आज तू येते म्हणालीस. आली नाहीस, म्हणून याला वर धाडलं.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या महिन्यांत वळणावर आणलेली माझी जीभ नेमकी त्याच दिवशी कशी घसरली? गणिताच्या बाईने याला योगायोग म्हणायला हवं. म्हणोत बापडे कुणी. मी हरखून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

“मग? त्यानंच वदवलं की तुज्या तोंडनं,” आई डोळे पुसत म्हणाली. “त्या बाईंना फुडं घे. लई गुणाची हाय माऊली, दृष्ट काढते तिची.”

आणि तिने खरोखर मीठ-मोहरी आणून मोबाइलवरून ओवाळायला सुरुवात केली! मला हसू आवरेना. बाईंना काय चाललंय ते समजावून सांगायला वळले, तर त्या डोळे मिटून, हात जोडून शांत बसल्या होत्या. त्यांनी कशाचाच अर्थ विचारला नव्हता. माझं हसू थांबलं. आयुष्यभर मी देवाकडे आधी खुलासे मागितले होते. त्यांच्याशेजारी मीही डोळे मिटले, हात जोडले आणि काहीच विचारलं नाही.