चतकोर भाकरी आणि स्कॉटलंड

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये मला खोली मिळाली ती माझ्या आडनावामुळे, आणि दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा ती जवळजवळ गेलीच होती ती माझ्या तोंडामुळे. खोली मी पत्राने मागितली होती. घरमालकीणबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं. एखादा उंच, लालसर केसांचा स्कॉटिश तरुण मागून येत असणार आणि मी त्याचा हमाल, असा त्यांचा समज झाला असावा. मागून कुणीच येत नव्हतं.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि हे आडनाव?"

"माझंच आहे," मी म्हणालो. "वडिलांचंही तेच आहे."

आतून एक म्हातारा आवाज आला, "आत घे त्यांना. नातेवाइकाला कुणी दारात उभं करतं का?"

ते घरमालक. त्यांचंही आडनाव तेच होतं. त्यांचा कुणी पूर्वज, खूप मागच्या काळातला, स्कॉटलंडहून पाठीवर गाठोडं घेऊन फेरीवाला म्हणून बाल्टिक किनाऱ्यावर आला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपताना ही दोघं तिथून निघाली ती हातातल्या दोन पिशव्यांनिशी. मुलगा पूर्वेच्या आघाडीवर हरवलेला. हरवला असंच म्हणायचं, गेला म्हणायचं नाही, हा त्या घरातला नियम मला पहिल्याच आठवड्यात कळला.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, तिथल्या केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिकाऊ होतो आणि अंगाला सदैव कसला ना कसला वास घेऊन घरी येत होतो. म्हातारे आणि मी एकमेकांना 'हेर', म्हणजे आपलं 'श्रीयुत', लावून एकाच आडनावाने हाक मारत असू. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी माणूस स्वतःलाच कॉफी विचारतोय आणि स्वतःलाच नको म्हणतोय.

आता आमच्याकडचं. मराठवाड्यात आमची ख्रिस्ती माणसांची एक गल्ली आहे. तिथे दारोदारी स्कॉटिश आडनावं आहेत आणि आत ठेचा-भाकरी. प्रत्येक घराची आपापल्या साहेबाची एक कथा आहे. आमची अशी: रेल्वेचे रूळ टाकायला आलेला एक स्कॉटिश इंजिनियर, त्याने इथल्या मुलीशी रीतसर लग्न केलं (हा 'रीतसर' बाबा कधी गाळत नसत), दोघंही पटकीने गेली, आणि मागे राहिलेलं मूल मिशनने वाढवलं. ते मूल म्हणजे माझे आजोबा. पुरावे तीन. आडनाव, आजोबांचे घारे डोळे, आणि भिंतीवरचं दाढीवाल्या गोऱ्या माणसाचं चित्र. ते कुठल्याशा मासिकातून कापलेलं होतं आणि खालचं नाव कात्रीत गेलं होतं, त्यामुळे ते इंजिनियरसाहेब नाहीत असं कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं.

चौथा पुरावा म्हणजे आजोबांची काटकसर. जेवायला बसले की ते आधी भाकरीची चतकोर मोडून बाजूला ठेवत. जेवण झालं की ती कनवटीला लावत. संध्याकाळी ती कुत्र्याला जाई, पण तोवर तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा लावला, तर त्यांनी माझं मनगट असं धरलं की मला रडूही फुटेना. "स्कॉच रक्त आहे," बाबा कौतुकाने म्हणत. "कण वाया जाऊ देणार नाही." यावर आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात मोठ्याने.

त्या वर्षी बाबांचं पत्र आलं. बाबा शाळामास्तर, निवृत्त झालेले. पोटात पाणी भरायला लागलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'आजोबांच्या कबरेवर वीस वर्षं नुसती माती आहे. मी डोळे मिटायच्या आत तिथे दगड बसला पाहिजे. दगड आणून अंगणात भिंतीला टेकवला आहे. पाथरवट दर आठवड्याला मजकूर विचारतो. त्यावर आजोबांच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि स्कॉटलंडमधलं गाव घालायचं आहे. तू आता शेजारीच आहेस. नकाशात मोजलं, दीड बोट.' बाबा भूगोल शिकवत असत, तरीही.

मी मिशनच्या स्कॉटलंडमधल्या कचेरीला चार पानी पत्र लिहिलं. त्यात रूळ, पटकी, घारे डोळे सगळं आलं होतं. टाकण्याआधी म्हाताऱ्यांना दाखवलं, कारण ते लढाईआधी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नोंदवह्यांचे कारकून होते आणि त्यांना बेताचं इंग्रजी येत होतं. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "हे वाचून माझी बायको रडेल. कारकून रडणार नाही. कारकुनाला तीन गोष्टी लागतात. कुठली वही, कुठलं साल, कुणाची ओळ."

"पण त्याला गोष्ट कळायला नको?"

"गोष्ट वहीत असते. तुम्ही त्याला सांगायला गेलात तर तो तुमचीच गोष्ट तुम्हाला परत पाठवेल."

माझ्या चार पानांच्या चार ओळी झाल्या. वहीचे नियमही त्यांनी मला शिकवले, मी न विचारता. उतारा देताना ओळीतलं एक अक्षर घालायचं नाही, एक गाळायचं नाही. समासातली टीपही ओळीचाच भाग. आणि रकाना रिकामा असेल तर त्यात आडवी रेघ मारायची, नाहीतर उद्या कुणी तिथे हवं ते घालेल.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, उत्तर आलं. मिशनच्या अनाथालयाच्या वहीतल्या एका नोंदीची टाइप केलेली नक्कल. कॉफीच्या टेबलावर म्हाताऱ्यांनी ती माझ्याआधी वाचून संपवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता:

'मुलगा, वय अंदाजे पाच. मुलगी, अंदाजे सात, त्याची बहीण. दुष्काळातून पायी आली. आईबाप माहीत नाहीत. मुलगी तिसऱ्या दिवशी वारली, नाव विचारलेले नाही. मुलगा दिलेल्या भाकरीतली थोडी खात नाही. बहिणीसाठी आहे म्हणतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आडनाव दिले ते याच्या संगोपनाचा खर्च उचलणाऱ्या बाईंच्या दिवंगत पतीचे.'

खाली कचेरीने सौजन्याने कळवलं होतं की त्या बाई स्कॉटलंडबाहेर कधी गेल्याचं दिसत नाही. खर्च देणाऱ्याने मुलाला नाव द्यायचं अशी तेव्हा रीतच होती, आणि त्या पानावरच्या सगळ्याच मुलांना तशीच आडनावं मिळाली आहेत. म्हणजे आमची अख्खी गल्ली.

मी आधी हसलो, सवयीने. इंजिनियर गेला, रूळ गेले, ते रीतसर लग्न गेलं. मग नजर पुन्हा भाकरीच्या ओळीवर आली आणि मनगटाला ती जुनी पकड जाणवली. साठ वर्षं तो माणूस रोज दोन वेळा बहिणीचा वाटा काढून ठेवत होता, आणि आम्ही पानावर बसून त्याला स्कॉच म्हणत होतो.

"म्हणजे आपण नातेवाईक नाही," म्हातारे म्हणाले.

"नाही."

"कॉफी घ्या. निवते आहे."

मी त्यांना विचारलं, यातलं वडिलांना काय लिहू? ते आजारी आहेत, दगड अंगणात उभा आहे, पाथरवट मजकूर मागतो आहे. 'नोंद सापडली नाही' एवढं लिहिलं तर बिघडलं कुठे? इंजिनियर राहील, भिंतीवरचं चित्र राहील.

स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, "सांगा त्यांना आपल्या गावच्या मास्तरांचं."

"कशाला."

"सांगा."

त्यांनी सांगितलं, कॉफीच्या कपाकडे बघत. ज्या वर्षांत तिथे प्रत्येकाला आपल्या आजी-आजोबांच्या रक्ताचा दाखला आणावा लागे, तेव्हा यांच्या खिडकीपुढे रांग असायची. एक दिवस रांगेत गावचे शाळामास्तर आले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे तेच. त्यांना आजीच्या बाप्तिस्म्याचा उतारा हवा होता. वहीत ओळ होती, आणि समासात टीप होती: बाप्तिस्मा मोठेपणी, आधीचा धर्म ज्यू.

"ते म्हणाले, फक्त ओळ लिहा, समास राहू दे. मी म्हणालो, समास ओळीचाच भाग आहे. सुंदर अक्षरात लिहिलं. माझं अक्षर तेव्हा फार चांगलं होतं. शिक्का मारला. त्यांनी आभार मानले. सभ्य माणूस. हिवाळ्यात ते शाळेत नव्हते. नंतर गावात नव्हते." त्यांनी कप थोडा फिरवला. "माझ्या मुलाला पाढे त्यांनी शिकवले होते."

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

"मग मी काय करू?" मी विचारलं. दुसऱ्याच्या एवढ्या मोठ्या दुःखाच्या तोंडावर आपलाच प्रश्न पुन्हा विचारायला एक निगरगट्टपणा लागतो. तो माझ्यात होता.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "मी एकच करून पाहिलं आहे. दुसरं करून पाहिलेला कुणी असेल तर त्याला विचारा."

तसा कुणी माझ्या ओळखीचा नव्हता. रविवारी मी बाबांना लिहून टाकलं, 'फार शोधले, नोंद सापडली नाही.' पाकीट चिकटवलं, कोटाच्या खिशात घातलं, आणि नऊ दिवस ते माझ्याबरोबर ट्राममधून कारखान्यात गेलं आणि परत आलं. वाटेत टपालाची एक पिवळी पेटी होती. तिच्याजवळ आलो की मला नेमकं काहीतरी दुसरंच आठवे. दहाव्या दिवशी घरमालकीणबाईंना कोट झाडताना ते सापडलं.

"टाकायचं विसरलात. मी बाजारात चालले आहे, टाकू?"

"नको. त्यात एक माणूस राहिला आहे," मी म्हणालो. माझं जर्मन कच्चं म्हणून असं बोललो असेन, असं समजून त्यांनी पाकीट परत दिलं.

माणूस म्हणजे ती मुलगी. तिसऱ्या दिवशी वारली, तेव्हा तिचं नाव कुणी विचारलं नाही. पुढे आजोबांनी तिचा विषय कुणाशी काढला नाही, फक्त चतकोर काढली. आता ती जगात फक्त त्या एका ओळीत होती, आणि ती ओळ माझ्या टेबलावर होती. मी लिहिलं तर बाबांचा इंजिनियर मरणार होता. न लिहिलं तर ती पुन्हा मरणार होती, आणि या खेपेला आम्हीच मारणार होतो. इतकं स्वच्छ मला तेव्हा सुचलं असेल असं नाही. पण लिहिलं. नोंद जशीच्या तशी उतरवली, एक शब्द न घालता, न गाळता. 'आपण बरे असाल' हेही लिहिलं नाही. ते मात्र लिहायला हवं होतं.

बाबांचं उत्तर आलं नाही. सव्वा महिन्याने आईचं आलं. आई लिहिते तसंच लिहिलेलं:

'तुझे पत्र पोचले. यांनी ते दोनदा वाचले आणि उशीखाली ठेवले. आठ दिवस बोलले नाहीत, जेवताना एक घास घेऊन ताट सारायचे. नवव्या दिवशी उठून भिंतीवरचा साहेब काढला. तिथे पांढरा चौकोन दिसतो म्हणून मी कॅलेंडर लावले आहे, पण ते लहान पडते. मग पाथरवटाला बोलावले. दगडावर आजोबांचे बाप्तिस्म्याचे नाव घातले, आडनाव घालू नको म्हणाले. खाली लिहिले, आणि त्यांची बहीण. पाथरवट म्हणाला, मास्तर, बाईचं नाव? हे म्हणाले, जागा सोड. तो म्हणाला, किती सोडू? यांनी वीत टेकून दाखवली. दगड बसवताना खुर्ची नेऊन तिथे बसले होते. यांचे पोट पुन्हा फुगले आहे. तू येण्याची घाई करू नकोस, शिक्षण पुरे कर.'

घाई करू नकोस, याचा अर्थ मला कळायला हवा होता. तारेने कळला, तीन आठवड्यांनी.

पण आईचं पत्र आलं त्या दिवशी बाबा होते. त्या संध्याकाळी मी ते म्हाताऱ्यांना जर्मन करून वाचून दाखवलं. ते अंगणात काकडीच्या वेलांना दोरी बांधत होते. पांढऱ्या चौकोनापाशी ते किंचित हसले. दगडाचं ऐकलं तेव्हा हात थांबले.

"केवढी जागा सोडली?"

मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"आम्ही तिथे रेघ मारत होतो," ते म्हणाले, आणि उरलेली दोरी बोटाला गुंडाळत राहिले.