शेवटची केशरी कांडी

माझ्या आईला आयुष्यभर एकच रंग आवडला, झेंडूचा. अकोटजवळच्या वावरात तिने तो पिकवला, तोडला, टोपल्या भरभरून बाजारात नेला. आणि मी, तिची शहाणी लेक, अमरावतीला गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत वीस वर्षं काचेचे मणी करते, तांब्यावर मीनाकाम करते, पण तिच्यासाठी झेंडूच्या रंगाचा एक मणी केला नाही. करू की, घाई काय आहे! पोटासाठी मंगळसूत्राचे काळे मणीच करत राहिले.

मग अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. माझं धाबं दणाणलं. आईला घरी आणलं आणि भर मे महिन्यात केशरी काच घेऊन बसले.

केशरी काच मोठी नखरेल. आच जरा जास्त झाली की विटकरी पडते. नऊ मणी केले, नऊही विटकरी. नववा तर मी रागाने भिंतीवर फेकून मारला. केशरी काचेची एकच कांडी उरली, तीही एका मण्यापुरती. नवीन मागवायची तर पंधरा दिवस, आणि आई तर आताच भिंती चाचपत चालत होती.

काच तापली की ज्योतीत केशरीच दिसते, मग ती कोणतीही असो. खरा रंग निवल्यावर कळतो. दहावा मणी मी ज्योतीबाहेर धरला, लाली हळूहळू उतरली आणि अगं बाई, झेंडू! अस्सल! आता राखेच्या डब्यात ठेवला की सावकाश निवणार होता. गार वारा लागला तर तडकतो, म्हणून मी या खोलीत पंखासुद्धा लावत नाही.

तेवढ्यात पाठीमागून ओला, गार झोत आला. बाजूच्या खोलीतला चाकांचा कूलर आईने ढकलत दारात आणून चालू केला होता.

"किती घामाघूम होऊन राह्यली व पोरी. घे थोडी हवा."

टिक् झालं. मण्याचे दोन तुकडे.

"काहून आली तू इथं? कोणी बोलावलं तुले?" मी ओरडले. इतकी ओरडले की आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. ती दारातच उभी राहिली.

"माह्यामुळं फुटलं ना?"

"नाही व माय, तो दुसराच होता. तुझा व्हायचाय अजून. बस इथं."

कूलर बंद केला, तिला स्टुलावर बसवलं आणि काळी कांडी उचलली. दुसरं करणार काय? मणी तापून लाल झाला, मग केशरी. नळीतून पाहावं एवढीच तिची नजर उरली होती. मान इकडेतिकडे हलवत तिने ज्योत शोधली.

"माय गं! झेंडूच हाये व! दसऱ्याचा!"

मी मणी फिरवत राहिले. बाहेर काढायचा धीरच होईना. मनगट भरून आलं, डोळ्यांत घाम की पाणी ते कळेना.

"काढ ना आता. हात पोळन."

"थांब. पाहून घे अजून."

दुसऱ्या दिवशी तो मणी दोऱ्यात ओवून मी तिच्या गळ्यात बांधला. तिने रंग विचारला नाही, मी सांगितला नाही.

महिनाभराने तिला गावी पोचवायला निघाले, तोवर तिला ऊन आणि सावली एवढंच कळत होतं. एसटीत तिने मणी चिमटीत धरून शेजारच्या बाईपुढे केला. "पाह्य, माह्या पोरीनं झेंडू केला."

त्या बाईने काळ्या मण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले.

"हो व माय," ती म्हणाली, "झेंडूच हाये."

खिडकीतून ऊन येत होतं. रंग उतरू नये म्हणून आईने मणी पदराखाली झाकला.