एक फळी जास्त

धरणाकाठी आम्ही मुक्कामाला उतरलो तेव्हा शेजारचे काका आपली कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली, समतल करत होते. उघड्या दारातून आतल्या पलंगावर ठेवलेली पाण्याची थाळी दिसत होती. काकू आतून म्हणत, "अजून थोडं," की काका जॅक फिरवून चाकाखाली फळी सरकवत. पाणी थाळीच्या काठाला सगळीकडून सारखं लागलं, तेव्हा मलाच हायसं वाटलं. पण काकांनी उशाच्या बाजूला आणखी एक फळी घातली.

"काका, आता कलली," मी म्हणाले.

"सपाट झोपलं की हिचा श्वास कोंडतो."

"आणि तुम्ही?"

"मी घसरतो. पाय भिंतीला लावून झोपायची सवय झालीय."

सपाट अंथरूण म्हणजेच सुखाची झोप, असं मी धरून चालले होते. समोर धरणाचं पाणी अगदी सपाट पसरलं होतं. त्याला कुणाच्या शेजारी झोपायचं नव्हतं.