दोन्ही टोकांच्या टोप्या

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या संगणक विभागात होतो. आमच्या एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात तीन संगणक नांदत: हिशेबाचा, गोदामाचा आणि चाचणीचा. तिन्ही आभासी, बोट ठेवून दाखवता येत नसत. पण त्यांच्यापासून टेबलांपर्यंत जाणारी तार खरीच लागते आणि तिचा नियम सोपा आहे. संदेश तारेच्या टोकाशी शोषला गेला पाहिजे. नाहीतर तो रिकाम्या खोलीतल्या आवाजासारखा परत फिरतो आणि मागून येणाऱ्यावर आदळतो. म्हणून दोन्ही टोकांना एक छोटे बूच बसवतात. आम्ही त्याला टोपी म्हणत असू.

व्यवस्थापकांनी तारांचे काम आपल्या मेव्हण्याला दिले. डोंबिवलीत त्याचा केबल टीव्हीचा धंदा होता. वायर हातात घेताच मी ओळखली.

"ही टीव्हीची वायर आहे, इथे चालणार नाही. आणि टोकांना टोप्या कुठे आहेत?"

"टोप्या आम्ही गिऱ्हाइकाला घालतो, मास्तर! अहो, याच वायरीवर अख्खी डोंबिवली पिक्चर बघते."

पूर्वी मी शाळेत गणित शिकवत असे, म्हणून हे 'मास्तर'. सगळे हसले, व्यवस्थापक सर्वांत मोठ्याने.

मालक नवे काम पाहायला आले त्या दिवशी टेबलांवरचे संगणकाचे सगळे पडदे थिजले. व्यवस्थापकांनी माझ्याकडे हात केला. "वायरिंग यांच्या देखरेखीखाली झालं, साहेब."

माझी रवानगी कल्याणच्या गोदामात झाली. प्रवासाचे मला काही नव्हते. ज्यांच्यासमोर माझे नाव खराब झाले, त्यांच्यासमोरच ते धुऊन निघायला हवे होते.

पडदे थिजतच राहिले. शेवटी व्यवस्थापक स्वतः गोदामात आले.

"झालं गेलं सोडा हो. रविवारी गुपचूप येऊन नीट करून द्या."

"सोमवारी येतो," मी म्हणालो. "मालक असताना."

सोमवारी मी हिशेबाच्या टेबलांच्या रांगेला योग्य तार ओढली, दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या. रांग चालू झाली. मग मालकांसमोर एक टोपी काढली. पडदे थिजले. परत बसवली, चालू. एकदा दाखवणे पुरेसे होते. मी तीनदा दाखवले, कारण उजळणीशिवाय धडा पक्का होत नाही. "जुनी वायर टीव्हीची आहे आणि टोप्या नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मग यांना कल्याणला का पाठवलं होतं?" मालकांनी विचारले. व्यवस्थापक खाली वाकून तारेचे उरलेले तुकडे गोळा करू लागले.

"परत इकडेच या," मालक मला म्हणाले.

"येतो. फक्त जुनी वायर ज्यांनी टाकली त्यांनीच काढावी. ऑफिस चालू असताना."

दुपारी मेव्हणा घामाघूम होऊन शिडीवर चढला. शिडी धरायला व्यवस्थापकांशिवाय कोणी पुढे आले नाही. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि चहा मागवला.

"सावकाश," मी म्हणालो. "भिंतीचा रंग निघेल."