सत्यवानाची एकोणीस घरटी

सत्यवान माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, म्हणजे घरून निघायचा. पुढे नारळ पाडायचा धंदा धरला. माझी शाळा दुसरीत संपली, त्याची चौथीत, म्हणून घरात तो शिकलेला.

आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आहे, आम्ही काकण म्हणतो. उंच झाडावर काटक्यांचं भलं मोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका सरांनी सत्यवानाला वही दिली, दर पौषात घरटी मोजून लिही म्हणाले. त्याने एकही वर्ष चुकवलं नाही. पायात काच गेली त्या वर्षीही लंगडत गेला.

सर वारले. यंदा त्यांच्या जागी भक्ती नावाची मुलगी आली. बाकी किनाऱ्यावर काकण कमी झालेले, इथे मात्र दरसाल एकोणीस घरटी. वही बघून ती हरखली. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर झाडं बघायला गेली. पक्षी सातच घरट्यांत होते. तिने विचारलं, काका, रिकामी कशी मोजलीत?

"रिकामी नाय गो. बंद आसत."

यात लबाडी नव्हती. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातल्या नऊंना कुलूप, माणसं मुंबईला. पण कोणी विचारलं तर आम्ही बावीसच सांगतो. चतुर्थीला येतील, नाहीतर पुढल्या वर्षी येतील. यादीतून नाव काढलं तर मात्र भांडायला लगेच येतील. सत्यवानाने पाखरांना तोच कायदा लावला.

भक्ती हळूच म्हणाली, मग ही वही वापरता येणार नाही. वीस वर्षं पाण्यात. तो दारापुढच्या खळ्यात जाऊन बसला, पेजेला हात लावला नाही.

मी त्याच्यासमोर बसले. शेजारच्या विमलाचं घर कधी बंद पडलं, विचारलं. तिचा मुलगा मुंबईला लागला त्या वर्षी, म्हणाला.

"आणि सातविणीच्या झाडावरचा घरटा?"

तो म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या वर्सा. मादी जाळ्यात गावली. माका सगळा म्हायत आसा, वयनी. लिवूक हात धजलो नाय."

मी भक्तीला हाक मारली. आमच्या बंद घरांच्या आठवणीवरून तो एकेक घरटं कुठल्या साली रिकामं झालं ते सांगत गेला, ती लिहीत गेली. एकोणीसचे सतरा झाले, सतराचे चौदा, असं उतरत आठावर आलं. एवढं सरांनाही कधी कळलं नव्हतं, असं ती म्हणाली.

शेवटचं राहिलं आमच्या परसातल्या आंब्यावरचं. दोन वर्षं तिथे कोणी फिरकलेलं नाही, स्वयंपाकघरातून मलाही दिसतं. भक्तीला सत्यवानाची दया आली. हे पुढच्या पौषात बघू, म्हणाली.

सत्यवानाने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या आंब्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, रिकामे.