सुमनअक्कांचं सांगणं

सुमनअक्कांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलं, की त्या हात वर करायच्या आणि ते पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायच्या. पुण्याहून नोकरीसाठी कानडी मुलखात आल्यावर जयनगरात मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. पहिल्याच दिवशी पाण्याची वेळ त्यांनी मला तीनदा सांगितली, कारण दोनदा मीच मधे बोलले. "माझं... बोलणं... मला... संपवू दे गं," त्या म्हणाल्या. "सरी? कळलं?"

अक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांना अटॅक्सिया होता. चालताना तोल जायचा, जीभ जड व्हायची. एक शब्द पुटपुटल्यासारखा यायचा, तर पुढचा एकदम मोठ्यानं. त्यांच्या वडिलांनाही हाच आजार होता. "गाव... त्यांना... दारुडा म्हणायचं. ते... बोलायचेच... बंद झाले. मी... नाही होणार."

अक्कांच्या मुलीला, विद्याला, बघायला के. आर. पुरमहून पाहुणे येणार होते. अण्णांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, विनवलं, "आज आजाराचं काही काढू नकोस. मग सांगू की सावकाश."

चहा आला आणि अक्कांनी सुरुवात केली. "हा आजार... माझ्या... वडिलांना होता..."

"अशक्तपणा आहे होय?" मुलाची आई कनवाळूपणे म्हणाली.

अक्कांचा हात वर गेला. "हा आजार... माझ्या... वडिलांना होता. मला... आहे. विद्याला... होईल... किंवा... नाही होणार. तपासणी... करायची का... ते ती... ठरवेल. तुम्हाला... आधी... कळायला हवं."

चहावर साय धरली होती. पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. त्यांचा फोन आला नाही.

"मला विचारायचंस तरी, आई! माझी गोष्ट होती ना?" विद्या रडत म्हणाली. कितीतरी दिवस मायलेकी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

पुढच्या वर्षी विद्यानं ऑफिसातल्या नवीन नावाच्या मित्राला घरी आणलं. अक्का खुर्चीत सावरून बसल्या, श्वास घेतला.

"आई, मी सांगितलंय त्याला. सगळं," विद्या म्हणाली.

अक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. मग नवीनला म्हणाल्या, "मग... डोसा... खाणार का?"

लग्न झालं. त्यानंतर अक्कांचं बोलणं फार लवकर विरत गेलं. शेवटी गिळणंही जमेना. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या.

दिवस झाल्यावर विद्या आणि मी गच्चीत त्यांच्या साड्या उन्हात घालत होतो. विद्यानं अजून तपासणी केलेली नाही.

"नवीनला सांगायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, माझ्या तोंडून शब्दच फुटणार नाहीत," ती म्हणाली. "पण सगळं बोलले. ज्या दिवशी मी आईवर एवढी चिडले ना, त्याच दिवशी शिकले असणार."