हाकनारना हातमोजा, बठनारना खिसा

नमस्कार. या ग्रुपवर गेली तीन-चार वर्षं मी नुसता वाचतो... आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. मी शाळेत क्लार्क आहे, मुलांना दाखले देणं हे माझं काम. त्यामुळे कोणी पिंपळाखालच्या बाईचं सांगायला लागलं की माझं ठरलेलं उत्तर - दाखला आहे का? असेल तर बोला. बायकोच्या मावशीला हे मी तोंडावर विचारलंय, आणि त्यावरून ती दोन दिवाळ्या आमच्याकडे जेवायला आली नाही. आज मीच बिनदाखल्याचं लिहायला बसलोय. लिहिताना भीती कमी आणि लाज जास्त वाटतेय. ती कशाची, ते पुढे येईलच.

मी राहतो अमळनेरला. शाळा सोनगीरच्या अलीकडच्या एका गावात. आडवाटेने पस्तीस-चाळीस किलोमीटर. सकाळची शाळा, साडेसातला प्रार्थना. म्हणजे सहाला घर सोडायचं. त्या वेळेची एसटी आहे, पण ती धुळ्याला वळसा घालून जाते आणि पोहोचेपर्यंत पहिला तास संपतो. म्हणून मोटरसायकल.

धुळ्याची थंडी तुम्हाला पेपरातल्या आकड्याने कळते, आम्हाला बोटांनी कळते. स्वेटर, त्यावर रेक्झिनचं जॅकेट, छातीशी पेपर, डोक्याला मफलर - बाकीचं अंग कसंही झाकता येतं हो, हातांचं काय करणार? सिग्नल नाही, गर्दी नाही, थांबायला निमित्त नाही, आणि हात सारखे वाऱ्यात. एक हात मांडीखाली घालून दुसऱ्याने गाडी चालवणं, गाडी थांबवून इंजिनला हात लावणं, कुणाच्या खळ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी दिसली की आगंतुकासारखं जाऊन उभं राहणं... सगळं केलंय. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. बोटं बधिर झाली की ब्रेकचा लिव्हर दाबला का नाही, हे समजत नाही. मन म्हणतं दाबला. खरंच दाबलाय का, ते डोळ्यांनी बघावं लागतं.

हे मला नानांनी शिकवलं. नाना आमच्या शाळेचे शिपाई, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. माझ्या घरामागच्या गल्लीत राहायचे. आम्ही दोघं त्यांच्याच गाडीवर जायचो. पहिला अर्धा रस्ता ते चालवायचे, पुढचा अर्धा मी. मध्ये एका फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे दोन्ही हातांत ग्लास धरून चहा घ्यायचा आणि अदलाबदल करायची. हातमोज्यांची जोडी एकच होती. नानांच्या बायकोने, अक्कांनी शिवलेली, बाहेरून जुन्या नऊवारीचं कापड आणि आत घरचा कापूस. बाजारात मिळणारे मोजे त्यापुढे झक मारतील. अक्का दुसरी जोडी शिवते म्हणायच्या, पण त्यांचे डोळे अधू झालेले, मी कधी आग्रह केला नाही. एका जोडीवर नानांनी नियम केला होता.

"भाऊसाहेब, हाकनारना हातमोजा, बठनारना खिसा."

म्हणजे जो चालवेल त्याला हातमोजे, आणि मागे बसणाऱ्याने आपले हात चालवणाऱ्याच्या जॅकेटच्या खिशात घालायचे. नाना मागे बसले की दोन्ही हात माझ्या खिशात सारायचे, आतून माझ्या बरगडीवर दोनदा ठोकायचे, म्हणजे निघा. शाळेच्या गेटवर हात असे झटकन काढायचे की खिशाचं अस्तर उलटं होऊन बाहेर लोंबायचं. आमच्या एक मॅडम रोज हसायच्या - "भाऊसाहेब, खिसे बघा."

नानांच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच होतं. तरुणपणी कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेलेलं. अक्कांनी मोज्याचं ते बोटही अर्धंच शिवलं होतं. माझं बोट त्यात दुमडून बसायचं, दुखायचं. एक दिवस मी न विचारता ब्लेडने त्या बोटाची शिलाई उसवली आणि माझं बोट बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नानांनी मोजा घातला, उसवलेल्या भोकाकडे बघितलं. मग किक मारली. फाट्यापर्यंतचा अर्धा रस्ता त्यांच्या त्या थोट्या बोटाला वारा लागत असणार, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मी असा माणूस आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

आता मुख्य.

मागच्या वर्षीचा जानेवारी. दोन दिवस कडाका होता. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून माझ्याने निघवेना. बाकी काही नाही, निव्वळ आळस. नानांना फोन केला, आवाज खोल काढून सांगितलं, "नाना, ताप भरलाय, आज येत नाही." नानांना सुट्टी घेता येणार नव्हती. शाळेची चावी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "बरं बरं, आराम करा." आणि मग म्हणाले, "भाऊसाहेब, हातमोजा तुमनाजोडे शेतस का?"

हातमोजे माझ्याकडेच होते. आदल्या दिवशी परतताना माझ्या जॅकेटच्या खिशात राहिलेले. जॅकेट आतल्या खोलीत. पण हो म्हटलं असतं तर ते घ्यायला घरी आले असते. मग कपाळाला हात लावला असता. मी म्हणालो, "नाही हो नाना... शाळेतच राहिले असतील."

आणि नेमकं त्याच क्षणी बायको आतून ओरडली. मी घरी राहणार म्हणून तिने जॅकेट धुवायला काढलं होतं, खिसे तपासत होती. "अहो, हे कुणाचे हातमोजे खिशात?"

मी फोनवर हात ठेवला. उशीर झाला का वेळेत, माहीत नाही. नाना म्हणाले, "ठेवू का?" आणि फोन ठेवला. मी गोधडी डोक्यावर ओढली आणि झोपलो. झोपही छान लागली.

आठच्या सुमारास हेडमास्तरांचा फोन आला. शाळेच्या अलीकडच्या वळणावर कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती. नाना सरळ तिच्यावर गेले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी तिथे पोहोचलो तेव्हा पंचनाम्याला आलेला हवालदार म्हणत होता, "म्हातारबानं पुढचा ब्रेक दाबेलच दिसत नही." आणि कोणीतरी त्यावर म्हणालं, "हाताले दुधन्या पिशव्या बांधेल व्हत्यात. सटकस ना त्या."

नानांनी हातांना पेपर गुंडाळून वर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या होत्या.

मी कोणाला काही बोललो नाही. अक्कांना तर नाहीच. दशक्रियेला अक्का मलाच म्हणाल्या, "तुमले ताप व्हता म्हनीसन वाचनात." तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही वाचलात. मी मान हलवली. हातमोजे एका पिशवीत घालून कपाटात रेशनकार्डाच्या मागे ठेवून दिले. पण दिवसभर डोक्यात एकच घोळायचं - नानांना ऐकू गेलं होतं का? मी खोटं बोलतोय, हे कळून ते माणूस गेलं का?

दहा महिने गेले. मी माझी गाडी घेतली, बाजारातले हातमोजे घेतले. या नोव्हेंबरात पहिली थंडी पडली, त्या सकाळची गोष्ट. लख्ख उजाडलेलं होतं, हे मुद्दाम सांगतो. फाट्यावर चहा घेतला, गाडीला किक मारली आणि माझ्या जॅकेटच्या दोन्ही खिशांत हात आले.

भास वगैरे म्हणणारे म्हणतील, मीही म्हटलं असतं. पण खिसा जड होतो तेव्हा जॅकेट खांद्यावर ओढलं जातं, ते मला कळतं. आतून बरगडीवर दोनदा ठोकलं. आणि मग गारवा... शर्टातून, बनियनमधून, थेट पोटाला. बर्फाच्या लादीवर पालथं पडल्यासारखं. मला थांबायची हिंमत झाली नाही. मागे बघायची तर नाहीच. डाव्या खिशात पाच बोटं. उजव्या खिशात मी मोजली... चार आणि एक थोटं.

शाळेच्या गेटवर ते हात गेले. मॅडम समोरून येत होत्या. आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. "भाऊसाहेब... खिसे."

दोन्ही अस्तरं बाहेर लोंबत होती.

त्यानंतर रोज. फाटा ते गेट. इतर वेळी नाही, परतताना नाही. आठवडाभर एसटीने गेलो, मेमो घेतला. मग चेनच्या खिशांचं जॅकेट घेतलं. ते सगळ्यात वाईट. त्या दिवशी हात बाहेरून पोटावर फिरत राहिले, चेन चाचपत, बधिर बोटांना चेनीचा दांडा सापडेना. एक किलोमीटर मी ते सहन केलं. मग गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही चेनी मीच उघडल्या. तेव्हा मला रडू आलं. कारण ते हात कितीही वेळ खिशात राहिले तरी गरम होत नव्हते, महिना झाला तरी नाही. त्यांना काय हवंय, ते मला माहीत होतं आणि ते माझ्या कपाटात होतं.

रविवारी दुपारी हातमोजे घेऊन अक्कांकडे गेलो. त्या अंगणात उन्हाला बसून गोधडीचे तुकडे जोडत होत्या. मी पिशवी पुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ताप नव्हता, हातमोजे माझ्याकडे होते, मी खोटं बोललो. खिशातल्या हातांचं मात्र नाही सांगितलं. म्हटलं, आता त्या शिव्या देतील, नाहीतर रडतील. दोन्हीची तयारी ठेवली होती.

अक्का बराच वेळ मोज्यांवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "त्यास्ले आयकू येल व्हतं, भाऊसाहेब."

त्यांना ऐकू आलं होतं.

"फोन ठी दिधा आनि हासनात. माले म्हने, भाऊसाहेबले थंडी वाजी ऱ्हायनी, तापबीप काही नही. मी म्हनं, मंग जाईसन लई या हातमोजा. तर म्हने, नको, तो मानूस लाजी जाई."

जाऊन घेऊन या म्हटलं तर म्हणाले नको, तो माणूस लाजेल. पन्नास पावलांवर माझं घर. मला लाज वाटू नये म्हणून नानांनी हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या.

मी उठायला लागलो. अक्कांनी बसायला सांगितलं. उजव्या मोज्याचं उसवलेलं बोट शोधून काढलं, शेजारच्या गाठोड्यातून कापडाचा तुकडा घेतला, चिमूटभर कापूस पिंजला. सुईत दोरा मला ओवायला लावला. "त्या दिनले जाता जाता आखो एक सांगी गयात," त्या म्हणाल्या, "भाऊसाहेबनं बोट बाहेर ऱ्हास, ते पुरं शिवी दे."

त्या सकाळी निघता निघता नाना हेही सांगून गेले होते. अर्धं बोट त्यांनी पूर्ण शिवलं. माझ्या मापाचं. मला घालून दाखवायला सांगितलं आणि मोजे परत माझ्याच हातात दिले. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "त्यास्नं सांगेल शे, मी कसाले मोडू?" त्यांनी सांगितलेलं मी कशाला मोडू.

सोमवारी ते हातमोजे घालून निघालो. फाट्यावर चहा घेतला, दोन्ही खिसे हाताने उघडे करून बराच वेळ थांबलो. कोणी आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. अस्तरं आता आतच असतात.

पण एक आहे. फाटा सोडला की माझ्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट गार पडायला लागतं. नव्याने कापूस भरलेलं तेच बोट. बाकीची नऊ बोटं मस्त गरम, आणि हे मधल्या पेरापासून पुढे मेल्यासारखं. शाळेचं गेट आलं की पुन्हा जागेवर. अमळनेरच्या डॉक्टरांना दाखवलं, धुळ्याला जाऊन नसांची तपासणी केली. रिपोर्ट एकदम नॉर्मल. इथे कोणी डॉक्टर असतील तर कृपया औषध सुचवू नका, मी विचारत नाहीये. दाखला आहे का म्हणाल तर तोही नाही माझ्याकडे. अजूनही मला यातलं काही उलगडलेलं नाही.

शाळेच्या अलीकडे ते वळण येतं. तिथे मी वेग कमी करतो, मान खाली घालतो आणि ते बोट लिव्हरवर आहे का, ते डोळ्यांनी बघून मग ब्रेक दाबतो.